ज्ञानेश्वरीतील त्यागविचार : त्याग कोणी करावा आणि कशाचा?

भगवद्गीतेत वैराग्याचा पहिला उद्गार श्रीकृष्णाचा नाही, तो अर्जुनाचा आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात सहसा येत नाही. पहिल्या अध्यायात अर्जुन आपणांस विजय नको, राज्य नको, सुखेही नकोत असे सांगतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षेवर निर्वाह करणे बरे, इथपर्यंत त्याची तयारी झालेली दिसते. भोगांचा तिटकारा, ऐश्वर्याविषयी औदासीन्य आणि भिक्षावृत्तीचा स्वीकार ही संन्यासाची सर्व बाह्य लक्षणे या क्षणी त्याच्या ठायी एकत्र आलेली आहेत. तथापि श्रीकृष्ण या वैराग्याचे स्वागत करीत नाही, त्याला दुर्बलता म्हणतो. पुढे सातशे श्लोकांचा हा संवाद ज्या प्रश्नाभोवती फिरतो, तो अठराव्या अध्यायाच्या प्रारंभी अर्जुनाच्याच मुखाने पुन्हा विचारला जातो : संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय? खोट्या वैराग्याने सुरू झालेला ग्रंथ खऱ्या त्यागाच्या व्याख्येने समाप्तीकडे जातो, अशी गीतेची रचना आहे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी या ग्रंथावर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका रचली. या टीकेतील त्यागविचाराची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने झाली आहे : ज्ञानेश्वरांनी निवृत्ती सांगितली की प्रवृत्ती? शांकरभाष्याची परंपरा ज्ञानोत्तर कर्मसंन्यासाकडे झुकते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी ज्ञानोत्तरही निष्काम कर्म हेच गीतेचे तात्पर्य ठरविले. या दोन टोकांपैकी ज्ञानेश्वरी कोणत्या टोकाजवळ ठेवावी, असा वाद मग स्वाभाविकच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न गैर नसला तरी अपुरा आहे. ज्ञानेश्वरांच्या विवेचनात ‘कर्म सोडावे की करावे’ यापेक्षा ‘सोडणारा कोण, आणि तो कोणाचे सोडतो’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आणि त्याचे जे उत्तर या ग्रंथातून मिळते, ते त्यागाच्या उपदेशाचा सामाजिक दुरुपयोग रोखणारे आहे.

प्रथम अर्जुनाच्या वैराग्याचे ज्ञानेश्वरांनी केलेले निदान पाहू. कठीण कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा प्रसिद्ध दृष्टांत पहिल्या अध्यायात या प्रसंगी आला आहे. त्याचा रोख नीट ध्यानात घेतला पाहिजे. अर्जुन राज्य सोडावयास निघाला आहे, परंतु ते सोडण्याची प्रेरणा स्वजनांविषयीच्या स्नेहाची आहे. म्हणजे त्याचा त्याग हाच त्याच्या आसक्तीचा आविष्कार आहे. कळी कोवळी आहे म्हणूनच ती भुंग्याला फोडवत नाही. सोडलेल्या वस्तूवरून त्यागाची पारख करता येत नाही, कारण एक वस्तू सोडताना मन दुसऱ्या वस्तूला अधिक घट्ट धरून असू शकते, हा सिद्धांत येथेच सूचित झाला आहे.

दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या प्रकरणी हाच विचार अधिक सूक्ष्म होतो. निराहार राहणाऱ्या मनुष्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांविषयीची गोडी मागे राहते, असे मूळ श्लोक सांगतो. ज्ञानेश्वर येथे झाडाचा दृष्टांत देतात. वरवरची पालवी खुडावी आणि मुळाशी पाणी घालीत राहावे, तर ते झाड मरेल कसे? ते उलट अधिकच फोफावेल. ‘रस’ या श्लिष्ट शब्दाचा लाभ घेऊन त्यांनी या मुळाच्या पाण्याचा संबंध जिव्हेशी जोडला आहे. इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात. अन्नावाचून मात्र जगणेच शक्य नाही, म्हणून रसनेचा निग्रह हठाने साधत नाही. निग्रहाच्या मर्यादेविषयीचे हे निरीक्षण अत्यंत व्यवहार्य आहे. अन्न ही वासना नव्हे, ती देहाची गरज आहे, आणि वासना नेमकी गरजेच्या आश्रयाने जगते, ही त्यातील मर्मदृष्टी आहे.

पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत संन्यासाश्रमाचा प्रश्न प्रत्यक्षच उपस्थित होतो. ज्याच्या मनातील ‘मी-माझे’ विझले, त्याला घरदार सोडण्याचे कारण उरत नाही, असे पाचव्या अध्यायात ज्ञानेश्वर म्हणतात. त्यासाठी ते राखेचा दृष्टांत योजतात : अग्नी पुरता विझून नुसती राख उरली, म्हणजे ती कापसातही ठेवता येते. सहाव्या अध्यायात केवळ अग्निसेवा टाकून संन्यासी म्हणविणाऱ्याची स्थिती त्यांनी वर्णिली आहे. अंगावरचा एक लेप धुवावा आणि लगेच दुसरा लावावा, तसा हा आग्रहाचा दास व्यर्थ शिणतो. गृहस्थाश्रमाचे ओझे मुळातच माथ्यावर होते. ते उतरविण्याच्या निमित्ताने संन्यासाचे नवे ओझे त्याने चढविले, इतकेच.

हे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने संन्यास हा केवळ ग्रंथगत विषय नव्हता. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले, आणि त्याचे प्रायश्चित्त त्यांच्या चारही अपत्यांना बहिष्काराच्या रूपाने भोगावे लागले, ही कथा परंपरेने सर्वज्ञात आहे. ज्ञानेश्वरीत तिचा उल्लेख नाही आणि कोणाविषयी कटुताही नाही. चरित्रावरून ग्रंथाचा अर्थ लावणे हे टीकाशास्त्राला मान्य होणारे नाही, म्हणून आमचे प्रतिपादन या कथेवर उभे केलेले नाही. परंतु आश्रमाचा बदल आणि अंतःकरणाचा बदल यांत अंतर पडले असता ते अंतर कोणाला सोसावे लागते, हे ज्याने पाहिले त्याची ही वाणी आहे, एवढे स्मरणात ठेवणे अनुचित ठरू नये.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. त्यागाचे स्थान वस्तूवरून मनाकडे नेले, म्हणजे ढोंगाला मोकळे रान मिळत नाही काय? ‘आम्ही अंतरातून अलिप्त आहोत’ असे म्हणत कोणीही संपत्तीचा यथेच्छ उपभोग घेऊ शकेल. राख कापसात ठेवता येते या आधारावर तो धगधगता निखारा कापसात ठेवील. सुखवस्तू समाजाने गीतेचा असा सोयीस्कर उपयोग केला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ज्ञानेश्वरांचा दृष्टांतच या दुरुपयोगाविरुद्ध साक्ष देतो. कापूस पेटला, तर अग्नी विझला नव्हता हे आपोआप सिद्ध होते. आंतरिक त्याग अदृश्य असला तरी त्याचा परिणाम अदृश्य राहत नाही.

तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांचा विस्तार या दृष्टीने वाचला पाहिजे. अमानित्वापासून तत्त्वज्ञानार्थदर्शनापर्यंतची लक्षणे गीतेने पाच श्लोकांत नुसती मोजली आहेत. ज्ञानेश्वरांनी त्यांवर शेकडो ओव्या खर्ची घातल्या. हा विस्तार पाल्हाळ वाटण्याचा संभव आहे, परंतु त्यातील योजना डोळसपणे पाहिली तर तेथे आंतरिक गुणांची बाह्य चिन्हेच एकामागून एक नोंदविलेली आढळतात. अहिंसा हा मनोधर्म, परंतु तो पावलांतून ओळखावयाचा. लाटेला धक्का न लावता बगळा पाण्यात पाऊल टाकतो, परागांचा चुराडा होईल या भीतीने भ्रमर कमळावर हलकेच पाय ठेवतो, तसे ज्ञान्याचे चालणे असते. अनासक्तीही अशीच. वाटसरू बिऱ्हाडात उतरतो तसा तो देहात राहतो, आणि वाटेवरच्या झाडाच्या सावलीइतकीच घराची आस्था धरतो. वाटसरूची ही उपमा सोयीस्कर अलिप्ततेला वाव देत नाही. बिऱ्हाडाची मालकी सांगणारा, तेथे येणाऱ्या दुसऱ्यास मज्जाव करणारा मनुष्य वाटसरू राहिलेलाच नसतो. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचा मनुष्य आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, अशी मोजदाद करीत बसतो. त्या चित्राशेजारी हे चित्र ठेवले असता दोहोंतील भेद संपत्तीच्या परिमाणात नसून मालकीच्या भावनेत आहे, हे स्पष्ट होते.

मालकी सोडल्यावर कर्माचे काय होते? याचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. मोहाने केलेला त्याग तामस, शरीरक्लेशाच्या भयाने केलेला राजस, आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत असता आसक्ती व फल यांचा केलेला त्याग सात्त्विक, असे गीतेने सांगितले. ज्ञानेश्वरांनी यात भक्तीची भर घातली. स्वकर्म हीच सर्वात्मक ईश्वराच्या पूजेची फुले होत, ही त्यांची कल्पना सुविख्यात आहे. पूजेला वाहिलेले फूल आपण परत घेत नाही. परंतु ते फेकूनही दिलेले नसते. ‘सोडणे’ या अभावात्मक क्रियेचे ‘वाहणे’ या भावात्मक क्रियेत झालेले हे रूपांतर ज्ञानेश्वरीचे मराठी मनाला दिलेले फार मोठे देणे आहे. निवृत्ती की प्रवृत्ती हा वाद येथे मिटत नसला तरी त्याची धार बोथट होते. कारण येथे कर्म टिकून राहते आणि कर्त्याचा हक्क तेवढा ईश्वरार्पण होतो.

या विचाराची कसोटी पुढे साडेतीनशे वर्षांनी देहू येथे लागली. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावाचून मरण पावली, व्यापार बुडाला. त्यांच्या अभंगांत या आपत्तीचे उल्लेख आहेत. पुढे त्यांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. परंतु महिपतीने सांगितलेला तिचा एक तपशील पुष्कळदा वगळला जातो. ती सर्वच खते बुडविली गेली नाहीत. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची होती. ती त्याला देण्यात आली, आणि तुकोबांनी बुडविली ती केवळ आपल्या हिश्शाची. कथेचे ऐतिहासिक प्रामाण्य कितीही मानले, तरी परंपरेने हा तपशील जपला याला महत्त्व आहे. प्रपंच व्यर्थ आहे असे ज्याला मनोमन पटले, त्यानेही भावाचा प्रपंच त्याच्या संमतीवाचून बुडविला नाही. शिवाय ज्या कागदांवर इतरांची कर्जे लिहिलेली होती, तेच कागद बुडाले. एकाच्या त्यागाने ऋणकोंच्या पायांतील बेडी सुटली. त्याग आपल्या स्वत्वाचा, आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या मुक्ततेत, असे हे समीकरण आहे.

आता ज्ञानेश्वरीच्या अखेरीकडे वळू. अठरा अध्याय वासनात्यागाचे निरूपण करणारा हा ग्रंथ एका मागण्याने संपतो, आणि ‘पसायदान’ म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या मागण्यात प्राणिमात्राची जी जी इच्छा असेल ती पूर्ण व्हावी, अशी प्रार्थना आहे. निष्कामतेचा आचार्य सर्वांच्या कामनापूर्तीचे दान मागतो, ही विसंगती नव्हे काय? यावर कोणी असे म्हणेल की, तेथे आधी दुष्टांची कुटिलता जावी, सत्कर्माची आवड वाढावी, पापाचा अंधार फिटावा, असे मागितले आहे. म्हणून उरणाऱ्या इच्छा शुद्धच असणार. हे समाधान युक्त आहे, परंतु पुरेसे नाही. इच्छा शुद्ध झाली तरी ती इच्छाच राहते. इतरांच्याही सर्व इच्छा नष्ट व्हाव्यात असे मागणे ज्ञानेश्वरांना अशक्य नव्हते. त्यांनी ते मागितले नाही. स्वतःसाठी त्यांनी या सर्वांचा लाभ एवढाच प्रसाद मागितला. त्याग स्वतःला सांगावयाचा आणि दान दुसऱ्यासाठी मागावयाचे, हा भेद ग्रंथाच्या शेवटच्या ओव्यांत असा मूर्त झाला आहे.

हा भेद विसरला गेला म्हणजे त्यागाच्या उपदेशाला विषारी फळे येतात. भरल्या घरच्या मनुष्याने उपाशी मनुष्याला संतोषाचा महिमा सांगणे हे वैराग्य नव्हे. वंचना आणि विरक्ती या भिन्न वस्तू आहेत. चोखामेळ्याला देवळाबाहेर राहावे लागले, ते त्याने काही सोडले म्हणून नव्हे, तर त्याला दिले गेले नाही म्हणून. आणि ती तक्रार त्याने विठ्ठलाजवळ निःसंकोच मांडली. वारकरी परंपरेने ते अभंग गाळले नाहीत, ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांशेजारी गायिले. संतांनी समाजाला निष्क्रिय केले, हा इतिहासाचार्य राजवाडे यांचा प्रसिद्ध आक्षेप, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये संतकार्याला दिलेले राष्ट्रीय उत्थानाचे श्रेय, या दोन्ही मतांत त्यागाचा परिणाम समाजाच्या एकंदर शक्तीवर मोजला आहे. ज्ञानेश्वरी स्वतः जे माप पुरविते ते वेगळे आहे. उपदेशक आपल्या हिश्शाची खते बुडवितो की ऐकणाऱ्याच्या हिश्शाची, हे ते माप होय. संतवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने ते कीर्तनकाराला, सुधारकाला आणि टीकाकारालाही लावून पाहावे.