बहिणाबाईंची मोट आणि पॉवर स्टिअरिंग

बहिणाबाई चौधरींची ‘मोट हाकलतो एक’ ही कविता सहा द्विपदींत संपते. एकत्वाचा विचार सांगणारी कविता म्हणून ती वाचता येते आणि ते वाचन खरेच आहे. पण ती तितक्याच नेमकेपणाने बैलांच्या ओढीने विहिरीचे पाणी उपसणाऱ्या एका यंत्राची कविता आहे. मोट, चाक, कणा, दोर, बैल, धाव आणि माणूस असा यंत्राचा एकेक भाग ती क्रमाने हाती घेते. म्हणूनच आज जळगाव-धुळ्याकडे ट्रॅक्टर घेताना घराघरांत निघणाऱ्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे. पॉवर स्टिअरिंगला जास्त पैसे मोजावेत का? नवे मॉडेल खरेच नवे असते का? माझे म्हणणे असे, की यंत्रातली कोणती सुधारणा महत्त्वाची आणि कोणती वरवरची हे ओळखायची रीत या कवितेत आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. १९५१ याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल मोटारीत पॉवर स्टिअरिंग दिले. विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदाच आले होते. पुढे ते ट्रॅक्टरवर आले आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीतही पोचले.

कवितेची घडण आधी पाहू. पहिल्या पाच द्विपदींत दोन गोष्टी समोर ठेवल्या जातात आणि त्या दोहोंत सामावलेली एकच गोष्ट दाखवली जाते. सहाव्या द्विपदीत मोजणी उलटी फिरते. तिथे हाकणारा एक आहे आणि त्याच्यावर जगणारे अनेक. शिवाय ही शेवटची द्विपदी प्रश्न विचारून थांबते. पाच वेळा हिशेब जुळवून दिल्यावर सहावा हिशेब कवयित्री आपल्याकडे सोपवते.

पहिल्या द्विपदीत विहिरीत दोन मोटा आहेत, पाणी मात्र एकच. नव्या मॉडेलची पहिली परीक्षा इथेच होते. मोट बदलली, पण ती जिथे रिकामी होते त्या थारोळ्यात पडणारे पाणी तेवढेच राहिले, तर शेताच्या दृष्टीने काय बदलले? बॉनेटचा आकार, पट्ट्यांचा रंग, दिव्यांची नवी मांडणी यांनी वाफ्यात थेंबभरही जास्त पाणी जात नाही. उलट नाव तेच राहून यंत्र बदलल्याचीही उदाहरणे आहेत. १९६३मध्ये महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. बी-२७५ हे त्यांचे सुरुवातीचे मॉडेल. २७५ हा आकडा आजही त्यांच्या ट्रॅक्टरवर दिसतो, पण आतले यंत्र टप्प्याटप्प्याने बदलत आले. कोरड्या ब्रेकच्या जागी तेलात बुडालेले ब्रेक येणे हा असा खरा बदल आहे. चिखलातून बाहेर पडल्यावर ब्रेक लागेल की नाही, हे त्यावर ठरते. १ जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचे कडक निकष लागू झाले, तोही खरा बदल. त्याचा फायदा गावाच्या हवेला आहे. म्हणून नवे मॉडेल समोर आले की आधी विचारावे, यातले पाण्यापर्यंत पोचणारे काय आहे?

दुसरी द्विपदी विहिरीवरच्या आडोयावरील कण्याची आणि चाकाची. फिरणारे दिसते ते चाक, त्याला पेलतो तो कणा. गती दोघांची मिळून एक आहे. साध्या स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरमध्ये ही एक गती अक्षरशः लोखंडातून जाते. हातातले चाक फिरले की खांबातून स्टिअरिंग बॉक्स, तिथून ड्रॉप आर्म, मग ड्रॅग लिंक आणि शेवटी पुढची चाके. ही साखळी दोन्हीकडून चालते. हात चाकाला वळवतो, तसे चाकही हाताला वळवते. नांगरटीतल्या ढेकळावर किंवा दगडावर पुढचे चाक चढले की त्याचा झटका थेट मनगटात येतो. जुने ड्रायव्हर स्टिअरिंग धरताना अंगठा आत गुंतवत नाहीत, चाकाच्या कडेवर बोटांसोबत ठेवतात. आरा उलटा फिरून अंगठ्यावर बसू नये, म्हणून कामातून आलेली ही सवय आहे.

पॉवर स्टिअरिंगमध्ये ही साखळी मध्येच तोडलेली असते आणि तिची जागा तेल घेते. इंजिनावर चालणारा छोटा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगच्या खांबाच्या बुडाशी एक नियंत्रक असतो, मेकॅनिक त्याला ऑर्बिट्रॉल म्हणतात. चाक ज्या बाजूला आणि जितके फिरेल, त्या बाजूला तितकेच तेल तो पुढच्या एक्सलवरच्या सिलिंडरात सोडतो आणि सिलिंडर चाके वळवतो. दगडाचा झटका तेलात विरतो. ट्रॅक्टरमधल्या या पद्धतीत हाताचे चाक आणि पुढची चाके यांच्यात लोखंडी दुवा उरत नाही. इंजिन बंद असेल तर तोच नियंत्रक हातपंपासारखा तेल ढकलतो, पण स्टिअरिंग फार जड होते. म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची खोड अशा ट्रॅक्टरवर जिवावर बेतू शकते.

तिसरी द्विपदी माझ्या मते कवितेचा कणा आहे. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला, बारीक सौंदूर तिच्या सोंडेला. एक वरच्या चाकावरून जातो, दुसरा खालच्या रुळावरून. दोघांची लांबी जुळलेली असेल तरच सोंड वर दुमडलेली राहते आणि पाणी वाटेत न सांडता थारोळ्यात पडते. जाडी वेगळी, वाट वेगळी, पण झीज दोघांची एक. यंत्राचे कौतुक करताना झीज मोजणारी नजर विरळा. मोटेच्या दोरावर रोज नजर ठेवणाऱ्या घरातच ती घडते. नाडा कुठे विसविसला आहे हे वेळीच दिसले नाही, तर भरलेली मोट विहिरीत जाते.

हीच नजर स्टिअरिंगवर लावावी. साध्या स्टिअरिंगमध्ये बॉक्सचे दाते, बॉल जॉइंट, किंग पिन झिजतात, मग चाकात ‘प्ले’ येतो. दुरुस्ती गावातला मिस्त्री करू शकतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये झीज सील, होज पाइप आणि पंपाकडे जाते. धूळ आत गेली, तेल वेळेवर बदलले नाही, होजला चीर पडून तेल झिरपू लागले, तर स्टिअरिंग आधी आवाज करते, मग जड होते. म्हणजे झीज संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पण एका ठिकाणची झीज खरोखर कमी झाली आहे आणि ती कोणत्याही पार्टच्या यादीत नसते. ती माणसाच्या मनगटाची, दंडाची आणि मानेची.

चौथ्या द्विपदीत दोन बैल आहेत आणि त्यांची ओढ एक आहे. बैलांच्या शेतीत ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे बैलाचीच होती. नांगराच्या तासाच्या टोकाला माणूस आवाज देई, कासरा हलवी, औत उचलून धरी. त्यालाही कष्ट होतेच. पण वळताना पाय बैलाचे फिरत. ट्रॅक्टर आला तेव्हा ओढ इंजिनाकडे गेली आणि वळणे माणसाच्या खांद्यावर आले. पॉवर स्टिअरिंगने हे उरलेले कामही इंजिनाला दिले. म्हणून मला ते चैनीचे वाटत नाही. बैलाकडून इंजिनाकडे काम सोपवताना अर्धवट राहिलेला व्यवहार त्याने पुरा केला.

हे वळण जवळून पाहू. एक एकर रान १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद धरा. पाच फुटी रोटाव्हेटरने ते २७ पट्ट्यांत होते, म्हणजे सुमारे २७ वळणे. आठ तासांत आठ एकर झाले तर दोनशेवर. प्रत्येक वळणाला ड्रायव्हर लिव्हर ओढून रोटाव्हेटर उचलतो, वळायच्या बाजूचा एकच ब्रेक दाबतो, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवतो, मग तेवढेच उलटे फिरवून सरळ करतो, मागे वळून पट्टा जुळला का बघतो आणि रोटाव्हेटर खाली सोडतो. रान ५० मीटरच लांब असेल तर तेवढ्याच एकराला वळणे दुप्पट होतात. पॉवर स्टिअरिंग मोठ्या बागायतदाराने घ्यावे असे म्हटले जाते. हिशेब सांगतो, की तुकड्या-तुकड्यांच्या रानात त्याची गरज अधिक आहे.

पण सगळीकडे सारखी नाही. रावेर-यावलकडच्या केळीत, पाच फुटांच्या ओळींत चालणारा १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर पुढून हलका असतो, तो साध्या स्टिअरिंगवरही वळतो. धुळे-जळगाव महामार्गावर कापसाची ट्रॉली सरळ नेणाऱ्यालाही दोहोंतला फरक कमी जाणवतो. पलटी नांगरासाठी पुढे वजने लावली की मात्र फरक फार मोठा होतो, कारण पुढच्या चाकांवरचा भार वाढला की साधे स्टिअरिंग तेवढेच जड होते.

पाचवी द्विपदी धावेची. बैल ज्या उतारावरून मोट ओढतात, त्यालाच परतताना चढण म्हणतात. नावे दोन, वाट एक. इथे बहिणाबाई जमिनीला यंत्राचा भाग मानतात आणि हे मला या कवितेतले सर्वांत खोल निरीक्षण वाटते. मोट कितीही चांगली असली तरी धाव नीट उतरती नसेल, तर बैलाचे वजन कामी येत नाही. ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. भरलेली ट्रॉली घेऊन नदीकाठाच्या चढाला लागले की भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात, कधी उचललीही जातात. त्या क्षणी पॉवर स्टिअरिंग काही वाचवत नाही. चाके अगदी सहज वळतात, पण जमिनीला धरत नाहीत, म्हणून ट्रॅक्टर वळत नाही. पावसाळ्यात चिकट काळ्या मातीतही तसेच. स्टिअरिंग हलके असले की ट्रॅक्टर ताब्यात आहे असे वाटते. ताबा मात्र पुढच्या चाकावरचे वजन, टायरची पकड आणि ट्रॉलीतला बेताचा माल यांनीच येतो. सुधारणेची मर्यादा इतकी नेमकी माहीत असणे हाही तिच्या रसग्रहणाचाच भाग आहे.

आता शेवटची द्विपदी. पाच द्विपदींत न दिसलेला माणूस इथे प्रथम येतो. पाणी, गती, झीज, ओढ, धाव हे सगळे त्याच्या हाती एकवटते आणि पुढे अनेक जिवांत वाटले जाते. दोरांची झीज सांगणारी कवयित्री त्याची झीज वेगळी सांगत नाही. पण क्रम असा लावते, की ती आपल्याला मोजावीच लागते. इतक्या जिवांचे पोट ज्या एकावर आहे, तो झिजला तर?

ट्रॅक्टरवर बसणारा हा ‘एक’ पुष्कळदा मालक नसतो. कधी तो सालदार असतो, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी; खानदेशात त्याचे साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ठरते. भाड्याने रोटाव्हेटर मारणारा ड्रायव्हर हंगामात दिवसाचे दहा-दहा तास सीटवर असतो. खरेदी करणारा एक आणि खांदा झिजणारा दुसरा असला की निवड चुकते. बॉनेट मालकाला दिसते, तर स्टिअरिंग ड्रायव्हरला जाणवते. पॉवर स्टिअरिंगचा जादा पैसा वसूल होतो का, असे विचारणाऱ्याने हा खांदाही हिशेबात धरावा. संध्याकाळी थकलेला हात वळणावर चुकतो, पट्टा सुटतो, कधी बांधावरून ट्रॅक्टर उलटतो. हलके स्टिअरिंग हे सगळे टाळेलच असे नाही, पण शेवटच्या तासाला ड्रायव्हरच्या अंगात थोडी ताकद शिल्लक ठेवते.

माझे मत स्पष्ट आहे. रोटाव्हेटर, नांगर किंवा लोडर चालवणार असाल, रान तुकड्यांचे असेल, ड्रायव्हर दिवसभर बसणार असेल, तर पॉवर स्टिअरिंग घ्या आणि त्यासाठी दिवे-पट्ट्यांचे महाग मॉडेल सोडावे लागले तरी चालेल. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ती बचत खर्चायला याहून चांगली जागा नाही. केळीच्या ओळीत चालणारा छोटा ट्रॅक्टर घेणार असाल, तर साधे स्टिअरिंग पुरे. आणि दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूममध्ये जाण्याआधी डेमोचा ट्रॅक्टर स्वतःच्या रानात मागवा. अवजार जोडा, बांधाकाठची वळणे घ्यायला लावा. त्या वेळी सीटवर सालदाराला बसवा, मालकाने बांधावर उभे राहावे आणि सालदार म्हणेल ते स्टिअरिंग घ्यावे.