जिरो आणि मोबियस : एका रेषेची दोन नावे

एकाच लेखकाने निरनिराळ्या नावांनी निरनिराळे लेखन करावे, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. गडकऱ्यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या नावावर आणि विनोद बाळकरामाच्या नावावर प्रसिद्ध झाला. तरीही या तिन्ही नावांमागची प्रतिभा एकच आहे, हे ओळखण्यास कोणास सायास पडले नाहीत. फ्रेंच चित्रकथाकार जां जिरो (१९३८–२०१२) याच्या बाबतीत मात्र उलट घडले आहे. ‘जिर’ या सहीने अमेरिकन पश्चिमेच्या साहसकथा रेखाटणारा तो एक कुशल व्यावसायिक, आणि ‘मोबियस’ या नावाने अद्भुत सृष्टी उभारणारा तोच खरा कलावंत, अशी एक समजूत त्याच्या चाहत्यांत रूढ होऊन बसली आहे. ही विभागणी सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे मोबियसचे मोठेपण कोठून आले, हेही कळेनासे होते आणि ते कोठे ओसरले, हेही.

जिरोचा जन्म पॅरिसजवळच्या नोजां-स्युर-मार्न येथला. आईवडील लवकरच विभक्त झाल्याने त्याचे बालपण आजीआजोबांकडे गेले. पॅरिसच्या द्युपेरे कलाशाळेतले शिक्षण अर्ध्यावर सोडून १९५६ मध्ये तो आईला भेटण्यासाठी मेक्सिकोस गेला आणि कित्येक महिने तेथेच राहिला. तेथील वाळवंटाने आपल्या मनावर कायमचा ठसा उमटवला, असे तो पुढे सांगत असे. हे केवळ चरित्रातील तपशील म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्याच्या बहुतेक सर्व चित्रसृष्टीचा पाया म्हणजे एक निर्जन, सपाट, दूरवर पसरलेली भूमी आणि तिच्यावर एकच लहानशी हलणारी आकृती. मग ती घोड्यावरची असो वा पंखांच्या प्राण्यावरची.

अल्जीरियातील युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी नोकरी आटोपून आल्यावर १९६१ च्या सुमारास तो ‘जिजे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेल्जियन चित्रकथाकाराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. १९६३ मध्ये ‘पिलोत’ या साप्ताहिकात जां-मिशेल शार्लिए याच्या कथेवर ‘ब्लूबेरी’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक एक दाढी वाढलेला, जुगारी, शिस्त न मानणारा घोडदळातला अधिकारी. आरंभी त्याचा चेहरा नट जां-पोल बेलमोंदो याच्यावर बेतलेला होता. पुढे मात्र तो वयाबरोबर बदलत गेला. चित्रकथेतील नायक सहसा म्हातारे होत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळते.

‘ब्लूबेरी’तील काम बहुतांशी कुंचल्याचे आहे. धूळ, घामाने भिजलेले कापड, दुपारच्या उन्हात तापलेला खडक यांचे वजन त्या रेषेत उतरते. शार्लिएची कथानके गुंतागुंतीची आणि संवाद लांबलचक; ते सारे वाहून नेताना पानावरील प्रत्येक चौकटीत वाचकाची नजर कोठे जावी, याचा हिशेब चित्रकाराला करावा लागे. मोबियसची पुढची स्वच्छंदता या हिशेबी सवयीवर उभी आहे. ज्याला दरी किती खोल आहे हे शंभरदा मोजून दाखवावे लागले, त्यालाच अस्तित्वात नसलेली दरी खरी वाटेल अशी काढता येते.

‘मोबियस’ हे नाव त्याने १९६३ मध्येच ‘हाराकिरी’ या उपहासपर मासिकातील छोट्या चित्रकथांसाठी घेतले होते. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेली पट्टी अशी असते की तिला दोन बाजू आहेत असे वाटते, पण बोट फिरवत गेले तर एकच बाजू निघते. नाव घेणाऱ्याने हे कितपत मनात धरले असेल ते असो. त्याच्या टीकाकारांनी मात्र धरावयास हवे होते.

१९७३ मध्ये ‘पिलोत’मध्येच ‘ला देव्हिआसियों’ ही सात पानांची कथा आली. एका कुटुंबाचा सहलीचा प्रवास वाट चुकून भलत्याच प्रदेशात जातो, एवढाच विषय; पण येथे कुंचला बाजूला सारून टाकाच्या बारीक रेषांची दाट जाळी विणलेली दिसते. तिच्याखाली सही आहे ती ‘जिर’ची! सीमारेषा किती कृत्रिम आहे, याला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

१९७४ च्या अखेरीस जां-पिएर दियोने, फिलिप द्रुइए आणि बेर्नार फार्कास यांच्यासह त्याने प्रकाशनसंस्था काढली आणि १९७५ च्या आरंभी ‘मेताल युर्लां’ हे नियतकालिक निघाले. बालवाचकांच्या रक्षणासाठी केलेल्या १९४९ च्या फ्रेंच कायद्याची छाया तोवर तेथील चित्रकथेवर होती. प्रौढांसाठी म्हणून काढलेल्या या पानांवर मोबियसने ‘आर्झाक’ प्रसिद्ध केली. उंच टोपी घातलेला एक मुका स्वार, त्याचे पांढरे, आदिम पक्ष्यासारखे वाहन आणि भग्न प्रदेशावरून चाललेले उड्डाण. या कथांमध्ये एकही शब्द नाही. शीर्षकाचे वर्णलेखनसुद्धा दर कथेत बदलते, जणू भाषेला येथे स्थिर जागा नाकारलेली आहे.

मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे सांगितली, ती साहित्याला लावताना शब्दांच्या अर्थाचे काय करावे हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांना सतत पडला. ‘आर्झाक’मध्ये तो प्रश्न उरत नाही, एका चौकटीकडून दुसरीकडे जाताना आकार, अंतर आणि रंग यांचीच लय अर्थ होऊन बसते. स्वार उंचावरून पाहतो तेव्हा चौकट रुंदावते, तो उतरतो तेव्हा ती आवळते. आणि तरीही ही निव्वळ नक्षी नव्हे. पहिल्याच कथेत खिडकीतून दिसलेल्या स्त्रीच्या मोहाने तो हिंसा करून आत शिरतो. ती तोंड वळवते तेव्हा तिचा विद्रूप चेहरा पाहून माघारी फिरतो. अद्भुताच्या पोटात हास्य आणि बीभत्स एकाच क्षणी उभे राहतात. नायकाला शौर्य नाही, विवेकही नाही, केवळ दृष्टी आहे. आणि वाचकाला तीच दृष्टी उसनी घ्यावी लागते. साहित्याच्या व्यासपीठावर निःशब्द कृतीची चर्चा कशाला, असे विचारणाऱ्याने ही काही पाने कथनाची कोणती अट मोडतात, ते दाखवून द्यावे.

१९७६ ते १९७९ या काळात आलेल्या ‘बंदिस्त गॅरेज’विषयी इतके निःशंक बोलता येत नाही. थट्टा म्हणून आरंभिलेली ही कथा थोड्याथोड्या पानांनी पुढे सरकली; पुढे काय होणार याचा आराखडा नव्हता आणि मागे काय झाले याची बूज राखण्याचा आग्रहही नव्हता. मेजर ग्रुबेर नावाचा एक गृहस्थ आपण निर्मिलेल्या जगात वावरतो आणि शेवटी एका दारातून पॅरिसच्या भुयारी रेल्वेत बाहेर पडतो. योजनेचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य, असे या कृतीच्या भक्तांना वाटते. वस्तुतः तिची मधली पुष्कळ पाने केवळ हाताच्या कौशल्यावर तरलेली आहेत. परंतु तो शेवट! कल्पित जगाची निकड आणि त्याची निरर्थकता एकाच दारात उभी करणारा असा प्रसंग आराखडा करून सुचला असता की नाही, याची शंका वाटते.

चिलीत जन्मलेला दिग्दर्शक आलेहांद्रो होदोरोव्स्की याच्या ‘ड्यून’ या न झालेल्या चित्रपटासाठी मोबियसने १९७५ मध्ये विपुल रेखाटने केली होती. त्याच सहवासातून १९८० ते १९८८ या काळात ‘इंकाल’चे सहा भाग निघाले. जॉन डिफूल हा भित्रा, क्षुद्र गुप्तहेर उंच नगराच्या खाईत पडत असताना कथा सुरू होते आणि विश्वाची उलथापालथ होऊन पुन्हा त्याच पडण्यावर संपते. येथे पुन्हा दुसऱ्याचे कथानक आहे, पुन्हा शिस्त आहे. आणि ‘मोबियस’ची सही असूनही काम ‘जिर’च्या पद्धतीचे आहे. चित्रपटसृष्टीने त्याच्याकडून पुष्कळ घेतले. ‘एलियन’ (१९७९) आणि ‘ट्रॉन’ (१९८२) यांच्यासाठी त्याने प्रत्यक्ष काम केले, तर डॅन ओबॅनन याच्या कथेवरील त्याच्या ‘द लाँग टुमॉरो’चा प्रभाव ‘ब्लेड रनर’मधील नगरावर स्पष्ट दिसतो. पण त्या यादीने त्याची योग्यता वाढत नाही.

‘एदेना’ या मालिकेचा उगम १९८३ मध्ये एका मोटार कंपनीसाठी केलेल्या जाहिरातीच्या पुस्तिकेत आहे. त्याच सुमारास जिरो एका अध्यात्मपंथाच्या सहवासात ताहितीला गेला होता आणि कच्च्या आहाराच्या एका सिद्धान्ताचाही त्याच्यावर पगडा होता. स्तेल आणि अतान ही दोन लिंगभेदरहित माणसे कृत्रिम अन्न सोडून निसर्गातले फळ खातात आणि स्त्री व पुरुष होतात, ही कल्पना रम्य आहे. दुर्दैव असे की तिचा अर्थ आधीच ठरलेला आहे. रेषा आता विरळ, निर्मळ, सुखद झालेली आहे. जाळी गेली, सावल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर संशयही गेला. ‘आर्झाक’मध्ये प्रतिमा अर्थ निर्माण करीत होती, ‘एदेना’त ती अर्थाची चाकरी करते. ज्यांना अद्भुतरसाचा परिपोष केवळ आश्चर्याने होतो असे वाटते, त्यांना हा फरक जाणवणार नाही. शांतीचा उपदेश मात्र चित्रांतून दिला म्हणून उपदेशच राहतो.

१९८९ मध्ये शार्लिए वारल्यावर ‘ब्लूबेरी’ची कथाही जिरोनेच लिहिली आणि २००५ पर्यंत ती मालिका चालवली. म्हणजे मोबियस झाल्यावर जिरोने जुने दुकान बंद केले नाही. अखेरच्या काळातील ‘इनसाइड मोबियस’ (२००४–२०१०) हे सहा भाग तर चित्रित दैनंदिनीच आहेत. गांजाचे व्यसन सोडताना सुरू केलेल्या या पानांवर घाईघाईने ओढलेल्या रेषा आहेत, आणि स्थळ पुन्हा तेच, वाळवंट. तेथे ब्लूबेरी, आर्झाक आणि मेजर ग्रुबेर आपल्या म्हाताऱ्या निर्मात्याला गाठतात, त्याच्याशी हुज्जत घालतात, त्याने आपल्याला अर्धवट सोडल्याचा जाब विचारतात. त्याचे स्वतःचे तरुण रूपही तेथे येते आणि या म्हाताऱ्याकडे काहीशा अविश्वासाने पाहते.