जीवनशैली, आहार आणि बोधनक्षमता : ‘फिंगर’ व तत्सम वैद्यकीय चाचण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

आहार, व्यायाम आणि बौद्धिक सराव यांच्या साहाय्याने वृद्धांची बोधनक्षमता, म्हणजेच स्मरण, अवधान, नियोजन आणि विचारांची गती, टिकविता येते काय, हा प्रश्न अलीकडील वैद्यकीय संशोधनात महत्त्वाचा ठरला आहे. स्मृतिभ्रंश पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नसल्यामुळे प्रतिबंधक उपायांकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. या आशेला मोठे बळ दिले ते फिनलंडमधील ‘फिंगर’ या चाचणीने. प्रस्तुत लेखात ही चाचणी व तिच्यानंतर प्रसिद्ध झालेल्या काही चाचण्या यांचे निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांची मांडणी यांची चिकित्सा केली आहे. जीवनशैलीचा परिणाम अजिबात होत नाही, असे या चाचण्यांवरून म्हणता येत नाही. परंतु तो आहे त्याहून मोठा करून सांगितला जातो आणि त्याचा भार अखेर रुग्णावर पडतो, हे येथील प्रतिपादन आहे.

‘फिंगर’ चाचणीचे स्वरूप

मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६० ते ७७ वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंशाची जोखीम अधिक असलेल्या १२६० व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. प्रायोगिक गटाला दोन वर्षे आहाराचे मार्गदर्शन, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असा चौपदरी कार्यक्रम देण्यात आला, तर नियंत्रित गटाला सर्वसाधारण आरोग्यविषयक सल्ला मिळाला.

या आराखड्याचे महत्त्व मान्य केलेच पाहिजे. केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत सकस आहार घेणारी व्यक्ती बहुधा अधिक शिकलेली आणि सुस्थितीत असते. त्यामुळे लाभ आहाराचा की शिक्षणाचा, हे सांगता येत नाही. यादृच्छिक विभागणीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते.

‘२५ टक्के’ या आकड्याचा अर्थ

प्रायोगिक गटाची सुधारणा नियंत्रित गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती, हे या चाचणीचे सर्वाधिक उद्धृत होणारे विधान आहे. मूळ आकडे पाहिल्यास प्रायोगिक गटाच्या एकत्रित गुणांत दोन वर्षांत ०.२० आणि नियंत्रित गटाच्या गुणांत ०.१६ एवढी वाढ झाली. हे गुण प्रमाण विचलनाच्या एककात मोजलेले आहेत. म्हणजेच दोन गटांतील फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतका, ०.०४ एवढा आहे. ‘२५ टक्के’ हे ०.२० व ०.१६ यांचे गुणोत्तर आहे; वृद्ध व्यक्तीची बुद्धी एकचतुर्थांशाने वाढली, असा त्याचा अर्थ नाही. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक होता. परंतु सार्थकता आणि दैनंदिन जीवनातील महत्त्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय स्मरणशक्तीच्या एकत्रित गुणांत दोन गटांमध्ये सार्थक फरक आढळला नाही, आणि सामान्य कुटुंबाला चिंता असते ती प्रामुख्याने स्मरणशक्तीचीच.

त्याहून लक्षणीय बाब म्हणजे नियंत्रित गटाचेही गुण वाढले. तीच परीक्षा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात, हे अध्यापकांना सांगावयास नको. म्हणून एखाद्या गटात किती सुधारणा झाली, हा चाचणीचा निष्कर्ष नसतो. दोन गटांत किती अंतर पडले, हा निष्कर्ष असतो. नियंत्रित गटाविना केलेला कोणताही दावा या कारणास्तव संशयास्पद ठरतो.

आहाराची स्वतंत्र परीक्षा

पालेभाज्या, सुकामेवा, अख्खी धान्ये, मासे व ऑलिव्ह तेल यांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराचा इतिहास येथे उद्बोधक आहे. २०१५ मधील निरीक्षणात्मक अभ्यासात हा आहार काटेकोरपणे पाळणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी आढळले होते. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६०४ व्यक्तींवरील तीन वर्षांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष आले. ‘माइंड’ गटाची वाढ ०.२०५, तर नियंत्रित गटाची ०.१७० होती, फरक सार्थक ठरला नाही. अर्थात या चाचणीत दोन्ही गटांना उष्मांक घटविण्याचे मार्गदर्शन मिळत होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

‘फिंगर’मधील फरक ०.०४ आणि ‘माइंड’मधील ०.०३५ आहे. मापनाच्या कसोट्या व कालावधी वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही जवळपास सारख्या आकाराचा फरक एका ठिकाणी यश आणि दुसऱ्या ठिकाणी अपयश म्हणून नोंदला जातो, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. २०२५ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘पॉइंटर’ चाचणीत २१११ व्यक्तींचा समावेश होता. तेथे नियोजनबद्ध कार्यक्रमाचा गट आणि स्वतःच्या सोयीने बदल करणारा गट यांतील फरक वर्षाला ०.०२९ एवढाच, मात्र सार्थक होता.

प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाचे काय ?

गुणांतील वाढ आणि रोगाचा प्रतिबंध यांत अंतर आहे. नेदरलंड्समधील ‘प्रीदिवा’ चाचणीत (२०१६) ७० ते ७८ वयोगटातील ३५२६ व्यक्तींना सुमारे सहा वर्षे अभ्यासण्यात आले; दोन्ही गटांत सुमारे ७ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश झाला. त्या कार्यक्रमाचा भर रक्तवाहिन्यांच्या आरोग्यावर होता, हे खरे. तथापि रोगालाच निकष मानणारी मोठी चाचणी म्हणून तिचे मोल अधिक आहे.

जबाबदारी कोणाची ?

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे चौदा घटक सांगितले असून, ते सर्व दूर केल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असे अनुमान केले आहे. हे अनुमान संपूर्ण लोकसंख्येविषयी आहे. एका व्यक्तीला दिलेले ते आश्वासन नव्हे. त्या यादीत बालपणातील अपुरे शिक्षण, वायुप्रदूषण आणि उपचाराविना राहिलेली श्रवणहानी यांचाही समावेश आहे. सत्तरीच्या गृहस्थाने बदाम खाऊन या उणिवा भरून निघत नाहीत. मुलीला सातवीनंतर शाळेत टिकविणे, हाही या दृष्टीने स्मृतिभ्रंशाविरुद्धचा उपाय ठरतो आणि तो समाजाने व शासनाने करावयाचा आहे.

निष्कर्ष

व्यायाम, समतोल आहार आणि रक्तदाबावर नियंत्रण यांचा सल्ला योग्यच आहे. हृदयासाठी त्यांचा लाभ निर्विवाद आहे आणि बोधनक्षमतेसाठी अल्प लाभ संभवतो. मात्र हा अल्प लाभ हमी म्हणून सांगितला जातो, तेव्हा आजारी व्यक्तीने आपली काळजी घेतली नाही, असा मूक आरोप तीत दडलेला असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची सेवा करणाऱ्या कुटुंबाला हा आरोप अन्यायकारक आहे. चाचण्यांतून मिळालेला पुरावा त्याला आधार देत नाही.