गुळाचा खडा आणि भट्टीचा धूर

आज ज्या समजुतीची चिकित्सा करायची आहे ती तुमच्या-माझ्या घरातली आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: आजीच्या बटव्याची टिंगल करायला मी इथे उभा नाही. अडुळशानं कफ सुटतो यात तथ्य आहे. खोकल्याच्या औषधांत सर्रास असणारं ब्रोमहेक्सिन हे द्रव्य अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे तयार झालं. ज्येष्ठमध चघळलं की घसा निवतो, हेही आपण सगळ्यांनी अनुभवलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस रोज आठ-दहा तास विषारी धुरात उभा राहतो, त्याला गूळ, काढा, हळद-दूध दिल्यानं धुरापासून संरक्षण मिळतं का?

कोल्हापूरचंच उदाहरण घेऊ. एकीकडे गुऱ्हाळं, दुसरीकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. धुळीचं काम केलं की गूळ खावा, हे आपल्याकडे फार जुनं. फाउंड्रीत वाळूचे साचे असतात, आणि वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. ओतकाम झालं की साचा फोडायचा, मग कास्टिंग घासून साफ करायचं. या दोन कामांत सिलिकेची अगदी बारीक धूळ उडते. कोअर बांधायला वापरलेलं रेझिन तापलं की त्याचे वायू निघतात. आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो ना दिसत ना त्याला वास येत.

आता आपल्या शरीराची रचना बघा. गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात. धूळ जाते श्वासनलिकेतून फुप्फुसात. वाटा दोन आहेत. गुळानं लाळ सुटते, घशात चिकटलेली जाडी धूळ खाली उतरते आणि माणसाला बरं वाटतं. ते वाटणं खोटं नाही. पण घात करते ती घशात अडकणारी धूळ नव्हे. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षकपेशी सिलिका गिळतात आणि त्या प्रयत्नात स्वतःच मरतात. त्या जागी व्रणासारखी घट्ट ऊती तयार होत जाते. हाच सिलिकोसिस. तो झाला की मागे फिरवता येत नाही.

'पण गुळावर संशोधन झालंय ना?' असं कुणी विचारेल. झालंय, आणि ते नीट वाचायला हवं. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली ते प्रसिद्ध केलं. उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची ५० मिलिग्रॅम धूळ एकदा सोडली आणि त्यांना ९० दिवस, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा ग्रॅम गूळ दिला. गूळ खाणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसातली इजा कमी दिसली, कण लसिकाग्रंथींकडे जास्त सरकले. सिलिकेच्या धुळीनं होणाऱ्या इजेवरही काही परिणाम दिसला. प्रयोग प्रामाणिक आहे. पण त्यात 'एकदा' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा. उंदराला धूळ एकदाच मिळाली, पुढचे तीन महिने त्याला फक्त गूळ होता. आपल्या कामगाराला गुळाबरोबर रोज नवी धूळ मिळते, आणि तीही पंधरा-वीस वर्षं. शिवाय कण लसिकाग्रंथीत गेले म्हणजे शरीराबाहेर गेले असं नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूबद्दल हा प्रयोग काहीच म्हणत नाही. तो वायू फुप्फुसातून सरळ रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला चिकटतो.

दुसरं उदाहरण वेल्डिंगचं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो. काही तासांनी थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येतं. वेल्डर रात्री दूध पितो, सकाळी किंवा एक-दोन दिवसांत मोकळा होतो, आणि दुधाला श्रेय देतो. मंडळी, हा ताप दूध न पिताही तेवढ्याच वेळात उतरतो! शरीर तात्पुरतं सरावतं, सुट्टीत तो सराव जातो, म्हणून सोमवारी पुन्हा जोरात येतो. उपाय लागू पडला असं वाटायला आजार आपोआप बरा होणारा असला की पुरतं.

आता या समजुतीच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा सांगतो, कारण दुबळ्या पुराव्याशी भांडण्यात अर्थ नाही. २०१२ साली इराणमधल्या संशोधकांनी मोटारीच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या ११७ कामगारांवर चाचणी प्रसिद्ध केली. काहींना लसणाच्या गोळ्या, काहींना पेनिसिलामाइन हे शिसं काढणारं औषध, चार आठवडे. दोन्ही गटांत रक्तातलं शिसं जवळपास सारखंच उतरलं. लसणाचं हे यश मी मान्य करतो.

मग अडचण कुठे आहे? शिसं हाडांत साठतं, वर्षानुवर्षं राहतं. चार आठवड्यांनी माणूस त्याच शेडमध्ये परतला की भांडं पुन्हा भरायला लागतं. आणि आणखी महत्त्वाचं असं की अमेरिकेच्या १९७८ च्या शिसेविषयक कामगार-नियमांनी, संपर्क चालू असताना कामगाराला 'प्रतिबंध' म्हणून शिसं काढणारी औषधं देण्यावर सरळ बंदी घातली. रक्त तपासणं हा धोक्याचा इशारा आहे. औषधानं आकडा खाली ओढला की इशारा बंद पडतो, संपर्क मात्र चालू राहतो. जे सिद्ध झालेल्या औषधाला मना आहे, ते लसणाला आणि काढ्याला कसं चालेल?

माझा मूळ आक्षेप हा आहे. 'गुणकारी आहे का' हा प्रश्न आपण विचारतो, पण उपाय कुठे लावायचा हे विचारत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! धूर भट्टीत निघतो आणि उपचार कामगाराच्या पोटात होतो.

यात नुकसान तिहेरी आहे. एक, खोकला शमला की सूचना दबते, माणूस तपासणीला उशिरा जातो. दोन, 'आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक' म्हणून काहीही घेतलं जातं. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिशाच्या धुरात काम करणाऱ्याला अशी पुडी देणं म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा. तीन, जबाबदारी सरकते. आजारी पडलास? काढा घेतला नसशील.

कायद्याची भाषा मात्र वेगळी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम १४ सांगत होतं की अपायकारक धूळ-धूर जिथे निघतो त्याच्या शक्य तितक्या जवळ तो ओढून घेणारी यंत्रणा बसवा, ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा. म्हणजे हूड, डक्ट, पंखा. वाळू ओली ठेवा, कोरडं झाडू नका, झेपेल तिथे कमी विषारी रेझिन वापरा. चेहऱ्याला बसणारा योग्य फिल्टरचा मास्क हा शेवटचा अडसर; गमछानं बारीक कण अडत नाहीत. सिलिकोसिस तर कायद्यानं कळवण्याजोगा रोग आहे. पण २०२० च्या संहितेनं विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली आहे. बारा-पंधरा माणसांच्या शेडचं काय, हा प्रश्न आपण लावून धरायला हवा.

तेव्हा गूळ खायचा असेल तर जरूर खा, त्याची गोडी मला मान्य आहे. फक्त पुढच्या वेळी कामगारांना गूळ किंवा काढा वाटल्याची बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: शेडमधली हवा शेवटची कधी मोजली, आणि तो आकडा कामगारांना दाखवला का? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही, तर ते वाटप आरोग्यासाठी नव्हतं असं समजा.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू या.