‘वर’ म्हणजे नेमके कोठे? : एका साक्षीचे वाचन

साक्षीदाराने काय ऐकले याची चर्चा नेहमी होते. ते कोठे असताना ऐकले, हा प्रश्न मागाहून सुचतो. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’च्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. १८५७-५८चे अनुभव १८८३ मध्ये लिहिले गेले, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापले. त्यातील पाहिलेले आणि ऐकीव वेगळे करायचे तर लेखकाचे त्या त्या वेळचे ठिकाण शोधावे लागते. लंडनच्या एलिझाबेथ प्रेटरच्या बाबतीत हाच प्रश्न एका खोलीपुरता आकुंचित होतो, आणि म्हणूनच अधिक बिकट होतो.

९ नोव्हेंबर १८८८ रोजी डॉर्सेट स्ट्रीटवरील २६ क्रमांकाच्या घरात मेरी केलीचा खून झालेला आढळला. तिची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मूळ घरापासून ती आडभिंत घालून तोडलेली होती. दार उघडे ते मिलर्स कोर्टच्या अरुंद बोळात. आठवड्याचे भाडे साडेचार शिलिंग. रात्रीपुरती चार पेन्सांची खाट देणारे लॉजिंग हाऊस वेगळे आणि असे आठवडी बिऱ्हाड वेगळे. मुंबईच्या चाळीचे साहित्य वाचलेल्याला या दुसऱ्या प्रकारातली दाटी समजावून सांगावी लागत नाही.

प्रेटरचे म्हणणे दोन संहितांमधून हाती येते. पोलिसांपुढील जबाबात तिचा पत्ता २७, डॉर्सेट स्ट्रीट, खोली २० असा आहे. १२ नोव्हेंबरला कोरोनरपुढे ती मिलर्स कोर्टमधली खोली २० सांगते. ही खोली शेडच्या वर, आणि मृत स्त्री खाली राहत होती, असेही सांगते. पुढच्या लेखकांनी यातले ‘खाली’ उचलले आणि प्रेटरला थेट केलीच्या छतावर नेऊन बसवले. कथनाला ते सोयीचे आहे: एक मरते, दुसरी बरोबर वर झोपलेली. परंतु ‘शेडच्या वर’ या शब्दांकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. शेड म्हणजे त्याच घराचा रस्त्याकडचा तळमजला. त्याच्या वरची खोली पुढची ठरते, आणि एका वृत्तपत्राने खुनाच्या दुसऱ्याच दिवशी तिला पहिल्या मजल्यावरील पुढच्या खोलीतली रहिवासी म्हटलेही होते.

साक्षीतील दिव्याचा उल्लेख इथे निर्णायक वाटतो. मांजराच्या पिल्लाने जागे केले तेव्हा लॉजिंग हाऊसचा दिवा मालवलेला होता, म्हणून चार वाजून गेले असावेत, असा तिचा तर्क. बोळाच्या तोंडासमोर, रस्त्यापलीकडे लॉजिंग हाऊस होते. त्याचा दिवा पुढच्या खिडकीतून सहज दिसेल. कोर्टाकडे तोंड असलेल्या मागच्या खोलीतून कसा दिसणार?

मग पातळ आडभिंतीचे काय? तिच्यातून केलीच्या चालण्याचा आवाज ऐकू आला असता, असे प्रेटर म्हणते. परंतु याच ओघात ती जिना चढतानाच्या क्षणाबद्दल बोलते: खाली दिवा असता तर वर जाताना उजेडाची तिरीप दिसली असती. म्हणजे दोन बिऱ्हाडांना जोडणारी जागा छत नव्हे, जिना आहे. पुढच्या खोलीत राहणारीही त्याच जिन्याने जाणार.

मागची खोली मानणाऱ्यांच्या बाजूला एक आधार उरतो. कोर्टाकडे खिडक्या असलेल्या मागच्या भागातून असल्या किंकाळ्या नेहमीच येतात, म्हणून लक्ष दिले नाही, असे ती जबाबात सांगते. पण ‘तिकडून येतात’ असे म्हणणारी व्यक्ती स्वतः तिकडे राहत नसावी, असाच अर्थ अधिक सरळ.

खोली पुढची मानली की साक्षीचे वजन बदलते. खालून काहीच ऐकू आले नाही, हे तिचे न ऐकणे पुष्कळांनी पुरावा म्हणून वापरले आहे. मध्ये जिना आणि शेड असताना, शिवाय दारू पिऊन गाढ झोपलेल्या स्त्रीच्या बाबतीत, ते पुरावा ठरत नाही. ‘खून’ हा ओरडा जबाबात दोनतीन वेळा आहे, कोरोनरपुढे एकदाच. केलीच्या समोरच्या बिऱ्हाडात त्या रात्री उतरलेल्या सारा लुईसनेही चारच्या सुमारास एकच किंकाळी ऐकली होती. तिच्या जागेबद्दल वाद नाही. वेळेचा भार तिच्याच साक्षीवर ठेवणे योग्य.