पाचवं चाक, बरोबरीचं

पूर्ण आकाराच्या स्टेपनीची खरी थोरवी ती लावून झाल्यावर कळते. पंक्चर झालेलं चाक डिकीत जातं, जॅक आणि पाना आपापल्या जागी जातात, गाडी रस्त्याला लागते आणि तिच्यात काहीही बदललेलं नसतं. स्टिअरिंग ओढत नाही, ब्रेक पूर्वीसारखाच लागतो, रात्रीचा मुक्काम ठरला होता तिथेच होतो. ऐनवेळी पुढे यावं आणि आपण वेगळे आहोत हे कुणाला जाणवूही देऊ नये, हा या वस्तूचा गुण मला फार मोठा वाटतो.

ही बरोबरी सुरुवातीपासून नव्हती. 1904 साली वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी जे जादा चाक बनवलं ते पूर्ण चाक नव्हतंच. आरे नसलेली एक रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, एवढाच तो प्रकार. पंक्चर झालेल्या चाकाला तो बाजूने क्लॅम्पने आवळायचा. त्या काळच्या गाडीचं चाक रस्त्यात काढता येत नसे, टायरची दुरुस्ती जागेवरच करावी लागे. त्यामुळे ही युक्ती मोठीच होती. पण जखमी चाक जागेवरच राहायचं आणि हे त्याला नुसता आधार द्यायचं. पुढे नट सैल करून अख्खं चाक उतरवता येऊ लागलं, तेव्हा कुठे पाचवं चाक इतर चौघांचं सख्खं भावंड झालं.

ते सख्खं आहे की नाही, हे टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. 195/55 आर 16 म्हणजे 195 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या 55 टक्के उंचीची कड आणि 16 इंचांची रिम. आपल्याकडे अनेक गाड्यांत वरच्या मॉडेलला असे अलॉय मिळतात, डिकीत मात्र 185/65 आर 15 मापाचं लोखंडी चाक असतं. पाहताक्षणी मन खट्टू होतं. पण हिशेब मांडला की पहिल्या चाकाचा व्यास 620.9 मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा 621.5. रिम एका इंचाने लहान, दोन्ही बाजूंची कड मिळून जवळजवळ तेवढीच जास्त उंच, आणि फरक एका मिलिमीटरच्याही आत. माप निवडणाऱ्याने दिसण्यातली बरोबरी सोडली, चालण्यातली राखली. असं आकड्यांमधलं शहाणपण दिसलं की त्या अनामिक अभियंत्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता लहान, तात्पुरती स्टेपनी घ्या. टी 125/70 डी 17 यातला टी तिचं तात्पुरतेपण सांगतो. तिचा व्यास 606.8 मिलिमीटर. ती 205/55 आर 16 चाकांच्या जोडीला लावली तर व्यासात 25 मिलिमीटरची तूट येते आणि दर किलोमीटरला तिला सुमारे 21 फेरे जास्त घ्यावे लागतात. वळणावर दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळण्यासाठी असलेलं डिफरन्शियल मग सरळ रस्त्यावरही सतत राबतं. म्हणूनच इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिका सांगतात की पुढचं चाक गेलं तर आधी मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि छोटी स्टेपनी मागे लावा. एका पंक्चरसाठी दोनदा जॅक! शिवाय तिला हवा 60 पीएसआय लागते आणि वेगाची मर्यादा ताशी 80 किलोमीटर असते. ती हलकी आहे, जागा वाचवते, शहरात तिचं काम ती नीट करते. पण तिचं वचन टायरवाल्याच्या दुकानापर्यंतचं आहे.

पूर्ण स्टेपनीला जागा लागते, आणि ती जागा शोधण्यातही कल्पकता दिसते. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ती पुढच्या झाकणाखाली असे, आणि 1960च्या दशकातल्या मॉडेलांत तिच्यातल्याच हवेच्या दाबाने समोरच्या काचेवर पाणी उडे. जिप्सी, बोलेरो, थार, जिम्नी यांनी तिला मागच्या दारावर मान दिला. सामान उतरवायला नको, चिखलात गाडीखाली शिरायला नको. चाकाचं वजन पेलायचं म्हणून ही दारं वर न उघडता बाजूला उघडतात. एका चाकाने अख्ख्या दाराची रचना ठरवावी, यातच त्याचा मान आला.

बरोबरीच्या चाकाचा आणखी एक गुण म्हणजे त्याला कामाला लावता येतं. दिशा ठरलेला टायर नसेल आणि रिमही तीच असेल, तर आलटापालटीत पाचही चाकं फिरवता येतात. सगळी सारखी झिजतात आणि पाचवं पडून पडून म्हातारं होत नाही. रबर न वापरताही कडक होतं. कडेवरच्या चार आकड्यांत त्याचा जन्म असतो, 2321 म्हणजे 2021 सालातला तेविसावा आठवडा.

2020 साली केंद्र सरकारने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. खिळा घुसला तर तो संच पुरतो. पण पावसाळ्यातल्या खड्ड्याच्या धारदार काठाने टायरची कड फाटली, तर संचातल्या बाटलीतला द्रव काहीच करू शकत नाही. भामरागडहून गडचिरोली शहर दीडशे किलोमीटरहून लांब आहे, वाटेत बहुतेक जंगल. त्या रस्त्यावर कुठलं चाक हवं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शहराबाहेर जाणाऱ्याने डिकीतली थोडी जागा आनंदाने द्यावी आणि बरोबरीचं पाचवं चाक घ्यावं. नवी गाडी पाहायला जाल तेव्हा डिकीची फरशी उचला, स्टेपनीवरचे आकडे वाचा, चारही चाकांशी ताडून पाहा. गाडीत आधीच असं चाक असेल, तर पुढच्या वेळी हवा तपासताना चार चाकांवर थांबू नका.