पगार सोडला म्हणून खरा?

खरा ख्रिस्ती उपदेशक कोण आणि ढोंगी कोण, हे ओळखायची एक सोपी मोजपट्टी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलीय. पैसे घेतो का? घेत असेल तर पोटभरू, घेत नसेल तर संत. माझ्या पीएच.डी.चा विषय अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मिशनच्या इतिहासाचा. वाचताना ही मोजपट्टी इतक्या ठिकाणी भेटते, की आधी तिचीच तपासणी करावीशी वाटली. मिशनचे टीकाकार ती वापरतात, मिशनरी वापरतात, आणि खुद्द ख्रिस्ती समाजही वापरतो.

तिच्यावर सगळ्यात उजळ दिसणारं नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनच्या कामात अहमदनगर आणि राहुरी, 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन, आणि १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. टिळकांवरच्या बहुतेक लेखांत १९१७ हा कळसाचा प्रसंग असतो: मिशनचा पैसा नाकारला, आता कुठे ते खरे साधू झाले.

मला हे वाचन पटत नाही. तसं मानलं तर आधीची बावीस वर्षं काय होती? ढोंग? चर्चमध्ये आजही म्हटली जाणारी त्यांची बरीच पदं त्याच काळातली आहेत. निर्णय मोठा होता, यात वाद नाही. पण तो परदेशी मिशनऱ्यांनी चालवलेल्या व्यवस्थेवरचा शेरा होता. आपण त्याचं चारित्र्याचं प्रमाणपत्र करून टाकलं.

आता जरा मागे जाऊ, थेट पहिल्या-दुसऱ्या शतकात. 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक पोथी आहे, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेली. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. गावोगाव फिरणारे उपदेशक दारात आले की त्यांचं काय करायचं, हा तिच्यातला अगदी व्यवहारी प्रश्न. उत्तरंही तशीच रोखठोक. पाहुणा एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल. पैसे मागितले तर खोटा. 'आत्म्याने प्रेरित होऊन' पंगत मांडायला सांगितली आणि स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. (हा नियम लिहिणाऱ्याने असा एखादा नग पाहिलाच असणार!) आणि शिकवतो ते स्वतः करत नसेल, तर शिकवण बरोबर असूनही तो खोटाच.

इथवर आपली मोजपट्टी जिंकल्यासारखी वाटते. पण अंगात येऊन मागणारा दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल, तर त्याला दोष देऊ नका, असंही ती पोथी सांगते. आणि खरा संदेष्टा तुमच्यात कायमचा राहू म्हणत असेल, तर त्याला पोसा, पिकाचं पहिलं फळ त्याला द्या. म्हणजे आक्षेप पैशाला नाही. आक्षेप आहे तो घेऊन पसार होण्याला. पौलही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, उपदेशकाचा पोटापाण्यावरचा हक्क आधी ठासून मांडतो आणि मगच स्वतःपुरता तो सोडतो.

नगर जिल्ह्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं. १८५४ साली दीक्षा मिळालेले पहिले दोन देशी पाळक, हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक, हे जन्माने ब्राह्मण. मंडळी मात्र पुढे वाढली ती मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. गावच्या शाळेत शिकवणारा, रविवारी उपासना घेणारा, आजाऱ्याजवळ बसणारा मास्तर बहुधा याच समाजांतला. बलुत्याचा आधार तुटायची भीती, जमीन नाही किंवा नावापुरती. त्याला महिन्याचे मोजके रुपये मिळत, आणि तेवढ्यावरून 'पोटासाठी ख्रिस्ती' हा शिक्का बसे. टिळकही श्रीमंत नव्हते. पण त्यांच्याकडे नाव होतं, लेखणी होती, शिष्य होते. पगार सोडणं त्यांना परवडत नव्हतं, तरी शक्य होतं. मास्तराला तेही नव्हतं. म्हणून मी म्हणते, की ही मोजपट्टी खरेपणापेक्षा माणसाची ऐपत जास्त मोजते, आणि नगरमध्ये ऐपत म्हणजे बऱ्याच अंशी जात.

मग टिळकांना तपासायचं कसं? साक्षीदार घरातच आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून चार भागांत प्रकाशित) आपण विनोदी, प्रांजळ आत्मचरित्र म्हणून वाचतो. मला तो उपदेशकाविषयी दिलेला सर्वांत कसून जबाब वाटतो. टिळकांचा राग, लहर, पैसा हाती टिकू न देणारा उधळा दानशूरपणा, त्यापायी घराची ओढाताण, काहीच झाकलेलं नाही. पण त्याच जबाबात दुसरीही गोष्ट आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि ते त्या घरात चाललं. जातिभेद माणसांनीच केलाय, हे त्यांना राहुरीत उमगलं ते स्वतःच्या विचाराने, व्याख्यान ऐकून नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. गावाला उपदेश करणाऱ्या माणसाच्या घरात त्याची बायको पाच वर्षं 'नाही' म्हणू शकली. १९१७ च्या त्यागापेक्षा मला ही पाच वर्षं जास्त बोलकी वाटतात.

आज जिल्ह्यात चंगाईच्या सभांची पोस्टरं दिसतात आणि लोक लगेच विचारतात, 'दानपेटी फिरवतात का?' जरूर विचारावं. पण रोग्याला गोळ्या बंद करायला सांगितल्या का, हेही विचारावं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवलाय, मग करणारा कुठल्याही धर्माचा असो. आणि मांडव उतरल्यावर आठ दिवसांनी त्या रोग्याचं दुखणं उलटलं, तर त्याच्या दारात कोण उभं असतं? बहुतेकदा पोस्टरवरचा पाहुणा नसतो. असतो तो गावातला पाळक, ज्याच्या तुटपुंज्या पगारावरून आपण त्याला नावं ठेवत आलोय.